जुना कॉम्प्युटर कमी खर्चात अपग्रेड करताना: आधी काय, नंतर काय

जुना कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की बहुतेक जण आधी रॅम विकत आणतात, मग कॅबिनेट उघडतात आणि स्लॉट बघतात सगळ्यात शेवटी. तोवर कळतं की आणलेली रॅम बसतच नाही. किंवा बसते, पण मशीन होतं तसंच मंद राहतं, कारण दुखणं हार्ड डिस्कचं होतं. पैसे थोडे असले की अशी एक चूकही सगळं बजेट खाऊन टाकते. म्हणून इथे प्रत्येक काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने दिलं आहे. लेख विंडोजवर चालणाऱ्या घरगुती डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी आहे.

## १. मंदपणा नेमका कुठे आहे ते मोजा

मशीन बंद करून पुन्हा सुरू करा आणि पाच-दहा मिनिटं तसंच सोडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातला परफॉर्मन्स हा टॅब बघा. आता रोजची कामं करा: ब्राउझरमध्ये नेहमीइतके टॅब उघडा, एखादी मोठी फाइल उघडा, व्हिडिओ लावा. एक डोळा आकड्यांवर ठेवा आणि ते कागदावर लिहून ठेवा.

डिस्क. आपण काहीच करत नसताना डिस्क सतत १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर खाली ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ बघा. तो वारंवार शेकडो मिलिसेकंदांवर जात असेल तर प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसला आहे. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचायलाच साधारण १० मिलिसेकंद लागतात. एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात करते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचते, त्यामुळे हा फरक तिथे सर्वांत जास्त जाणवतो.

मेमरी. इथे ‘कमिटेड’ या शब्दाखाली दोन आकडे असतात. त्यातला पहिला आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा झाला असेल, तर विंडोज उरलेला भार डिस्कवर ढकलत आहे. म्हणजे रॅम खरोखर कमी पडते आहे. नुसती ७०-८० टक्के रॅम वापरात दिसली म्हणून घाबरू नका; रिकामी रॅम विंडोज सहसा वाया जाऊ देत नाही.

प्रोसेसर. इथे टक्क्यांइतकाच ‘स्पीड’ महत्त्वाचा. बेस स्पीड २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेला आहे आणि भर कामात स्पीड ०.८ वर बसला आहे, असं दिसलं तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. लॅपटॉपमध्ये मशीनने न ओळखलेला चार्जर लावला असेल तरीही हेच होतं. दोन्हीचा इलाज जवळजवळ फुकट आहे, आणि तो न करता घातलेली नवी रॅम काहीही बदलणार नाही.

जाता जाता स्टार्टअप ॲप्सच्या यादीत जाऊन नको असलेले प्रोग्रॅम बंद करा. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असतील तर एक काढा.

> तपासा: डिस्क, मेमरी, प्रोसेसर यांपैकी कोण अडकतं, हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. डिस्कची तब्येत बघा

हे काम वेगळं ठेवलं आहे, कारण पुढचा सगळा क्रम यावर अवलंबून आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं, किंवा ०५, सी५, सी६ या ओळींमध्ये शून्यापेक्षा वेगळा कच्चा आकडा (‘रॉ व्हॅल्यू’) दिसला, तर डिस्कचे काही भाग खराब झाले आहेत किंवा होत आहेत. अशा डिस्कवर कोणतीही ‘दुरुस्ती’ चालवत बसू नका, डीफ्रॅग (विखुरलेल्या फायलींचे तुकडे एकत्र लावणं) तर नकोच. तडक पाचव्या टप्प्यावर जा, महत्त्वाच्या फायली बाहेर काढा आणि मग इथे परत या.

## ३. काय आहे आणि काय बसेल, याची यादी करा

कागद घ्या आणि पुढच्या गोष्टी लिहून काढा. दुकानात किंवा खरेदीच्या पानावर आठवून चालत नाही.

लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव तळाच्या लेबलवर असतं. डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाचं, नाव लागतं. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बेसबोर्ड’ या ओळींत ते मिळतं. त्या नावावरून कंपनीच्या सपोर्ट पानावर जास्तीत जास्त किती रॅम चालते आणि कोणत्या जातीची, ते बघा.

रॅमची जात हा सगळ्यात जास्त फसवणारा भाग आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. लॅपटॉपची रॅम आखूड असते, तिला सोडिम म्हणतात. डेस्कटॉपची लांब असते, ती डिम. डीडीआर३ मध्ये आणखी एक मेख आहे: साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवरही चालते. दोघींची खाच सारखीच. डीडीआर३एल सहसा दोन्हीकडे चालते, पण फक्त १.३५ व्होल्ट देणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ घातली तर मशीन सुरूच होत नाही. शंका असेल तर ‘एल’वालीच घ्या.

किती स्लॉट भरलेत ते टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावरच ‘स्लॉट्स यूज्ड’ या ओळीत दिसतं. त्याच्याच जवळ ‘फॉर्म फॅक्टर’ असतं. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असं काही दिसलं तर रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली आहे. मग मोकळा स्लॉट आहे की नाही, हे सपोर्ट पानावरून किंवा मशीन उघडूनच ठरवा.

सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची तेही बघून ठेवा. घरगुती ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही. आणि ३२ वरून ६४ वर जायचं तर विंडोज कोरी टाकावी लागते, म्हणजे जुनी पुसून पहिल्यापासून नव्याने बसवावी लागते; वरच्या वर बदलता येत नाही.

डिस्कसाठी: जुन्या मशीनमध्ये अडीच इंची साटा एसएसडी (साटा म्हणजे डिस्क जोडायची जुनी, सर्रास आढळणारी पद्धत) जवळपास नेहमी चालते. एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची बोर्डावरची जागा) दिसला म्हणून लगेच हुरळू नका. त्या स्लॉटच्या काही जाती फक्त साटा समजतात, काही एनव्हीएमई (साटापेक्षा नवी, जास्त वेगवान पद्धत), काही दोन्ही, आणि आकार सारखाच असतो. २०१४ च्या आधीचे बहुतेक मदरबोर्ड एनव्हीएमई डिस्कवरून विंडोज सुरूच करू शकत नाहीत. सपोर्ट पानावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर साटाच घ्या. हार्ड डिस्कवरून येणाऱ्या माणसाला दोन्हींतला फरक रोजच्या कामात फारसा कळत नाही. साटाचा वेग साधारण ५५० एमबी प्रति सेकंदाला अडतो. मदरबोर्ड जुना असून साटा २ चा असेल तर त्याच्या निम्मा. तरीही हार्ड डिस्कच्या तुलनेत मशीन पार बदलून जातं.

> सावधान: रॅम किंवा डिस्क मागवायच्या आधी एकदा झाकण उघडून प्रत्यक्ष बघा. सपोर्ट पानावर दोन स्लॉट असतात आणि तुमच्या हातातल्या मॉडेलला एकच असतो, असं होतं.

## ४. पैसे कुठे घालायचे

माझा क्रम ठरलेला आहे. मशीन हार्ड डिस्कवर चालत असेल तर आधी एसएसडी. रॅम ४ जीबी असेल तर त्यानंतर ती ८ करा. ८ असेल आणि मेमरी खरोखर भरत असेल तरच १६. इथे थांबा आणि महिनाभर वापरून बघा.

प्रोसेसर बदलणं जुन्या मशीनमध्ये क्वचितच परवडतं. त्याच सॉकेटमधला (प्रोसेसर बसायच्या खाचेतला) जास्तीत जास्त ताकदीचा जुना प्रोसेसर शोधायचा, त्यासाठी बायोस (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट करायची, पंखा पुरेल का बघायचं, आणि मिळणारा फरक थोडा. बहुतेक लॅपटॉपमध्ये तर तो निघतच नाही. आणि प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड व रॅमही बदलावी लागणार असेल तर तो अपग्रेड राहिला नाही, तुम्ही नवा कॉम्प्युटर जुन्या डब्यात बसवताय. त्या पैशात ऑफिसांतून बाहेर पडलेलं, एखाद-दोन पिढ्या नवं असं जुनं डेस्कटॉप बरं पडतं.

ग्राफिक्स कार्ड फक्त खेळांसाठी किंवा व्हिडिओ संपादनासाठी. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्याच्या वरच्या कार्डाला एसएमपीएसमधून (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातून) ६ पिनची (७५ वॉट) किंवा ८ पिनची (१५० वॉट) वेगळी वायर लागते. तयार ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये ती वायर बहुधा नसते, आणि त्यांच्या एसएमपीएसचे कनेक्टर कधीकधी कंपनीने स्वतःचेच केलेले असतात, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही. काटकसर करायची तर एसएमपीएसमध्ये करू नका. फुसका एसएमपीएस जाताना बाकीच्यांना घेऊन जातो.

आता विंडोजचा प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू प्रणाली चालू देणारी सोय) आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. इंटेलची पिढी नावावरून कळते: आय५-८२५०यू मध्ये डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. मशीन या रेषेच्या खाली असेल तर दोन मार्ग आहेत: मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव घालून थोडा वेळ मिळवणं, किंवा लिनक्स मिंटसारखी प्रणाली टाकणं. लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरून, काहीही न टाकता, चालवून बघता येतं. तेव्हा वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तिन्ही तपासा. एसएसडी दोन्ही मार्गांत कामी येते, म्हणून ती खरेदी वाया जात नाही.

लॅपटॉपची रॅम २ जीबी आणि पक्की जोडलेली, साठवणही बोर्डावरचीच, अशी जोडी दिसली तर खिशात हात घालू नका.

## ५. बॅकअप, आणि किल्ल्या

डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळे घेतात. राहून जातं ते असं: डेस्कटॉपवर टाकलेल्या फायली, डाउनलोड्स, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा (तो बऱ्याचदा सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये असतो), आउटलुकची मेल फाइल, डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींसाठी ते फॉन्ट. फॉन्ट राहिला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या पाच-सहा फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप मोजू नका.

> सावधान: सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि काम संपेपर्यंत एन्क्रिप्शन स्थगित करा. बायोसमध्ये हात घातल्यावर मशीन हीच की मागतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही.

## ६. उघडणं आणि सफाई

मशीन पूर्ण बंद करा. विंडोजचं नेहमीचं ‘शट डाउन’ बऱ्याचदा अर्धवट झोप असते. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की ते खरं बंद होतं. वायर काढा, मग पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा. लॅपटॉप उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि काम चालू असताना मधूनमधून तसं करत राहा.

लॅपटॉपचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर तळाची ढोबळ आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरच्या बाजूने फुगवटा आणतो, नाहीतर बोर्डाला भिडतो.

धूळ ब्रशने आणि हवेच्या डब्याने काढा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. प्रोसेसर तापत होता असं पहिल्या टप्प्यात दिसलं असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंक (त्यावरचा उष्णता ओढणारा धातूचा तुकडा) यांमधली थर्मल पेस्ट बदला: जुनी पुसून काढायची आणि मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब. तापत नसेल तर हीटसिंकला हात लावू नका.

मदरबोर्डवरचे छोटे उभे डबे, म्हणजे कपॅसिटर, डोक्यावर फुगलेले दिसले तर इथेच थांबा. या बोर्डवर पैसे घालायचे नाहीत. घड्याळ दरवेळी मागे जात असेल तर आत्ताच सीआर२०३२ हा गोल सेल बदला. तारीख चुकली की वेबसाइट सुरक्षित नसल्याच्या तक्रारी येतात आणि लोक उगाच इंटरनेटला दोष देतात.

## ७. रॅम बसवा, आणि फक्त रॅमच

एका वेळी एकच बदल. रॅम आणि एसएसडी एकदम घातल्या आणि मशीन सुरू झालं नाही, तर दोष कोणाचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. डेस्कटॉपमध्ये खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा जोर द्या. बाजूचे कान आपोआप आत वळून ‘टक्’ वाजायला हवं. हा जोर पहिल्यांदा करणाऱ्याला भीती वाटेल इतका असतो. लॅपटॉपमध्ये पट्टी तिरकी आत सारायची आणि मग खाली दाबायची. सोनेरी दातांची जाड रेघ बाहेर दिसत असेल तर पट्टी पूर्ण गेलेली नाही. चार स्लॉट असतील आणि दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. सारख्या दोन पट्ट्या जोडीने चालून वेग वाढवतात, म्हणून आधीच्या पट्टीशी जुळेल अशीच घ्या.

> तपासा: मशीन सुरू करून पूर्ण रॅम दिसते का बघा, मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. एकही चूक निघाली तर पट्टी परत करा. पडदा काळाच राहिला तर पट्टी काढून पुन्हा बसवा. बहुतेक वेळा ती नीट बसलेली नसते.

## ८. एसएसडी: क्लोन की कोरी विंडोज

विंडोज वर्षानुवर्षं साचलेली, कुरकुरणारी असेल तर कोरी टाका. परत मिळणं अवघड असं लायसन्सचं सॉफ्टवेअर असेल आणि जुनी विंडोज निरोगी असेल, तर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत. डिस्क खराब निघाली असेल तर क्लोन नको. विंडोजच्या सक्रियतेची चिंता नको: ती मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेली असते, डिस्क बदलल्याने जात नाही.

क्लोन करताना: नवी एसएसडी यूएसबी-साटा वायरने जोडा. जुन्या डिस्कवरचा वापरलेला भाग नव्या डिस्कमध्ये आरामात मावला पाहिजे. क्लोनझिला हा क्लोन करणारा मोफत प्रोग्रॅम लक्ष्य डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असेल तर मुळात अडून बसतो, त्यामुळे १ टीबीवरून ५०० जीबीवर जाताना एसएसडीच्या कंपनीने दिलेला मोफत प्रोग्रॅम सोपा पडतो. आता सगळ्यात घातक पडदा येतो: मूळ कोणती, लक्ष्य कोणती. तिथे दोन डिस्क फक्त आकड्यांनी आणि मॉडेल नावाने दिसतात. उलटं निवडलं तर कोरी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर छापली जाते. मॉडेल नाव एसएसडीच्या लेबलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, मगच पुढे जा.

कोरी टाकताना: ८ जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोज तयार करा. बायोसमध्ये साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे हे *टाकण्याआधी* बघा. नंतर बदलला तर विंडोज निळ्या पडद्यावर कोसळते. यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) उपलब्ध असेल तर तेच निवडा.

> सावधान: विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर विंडोज स्वतः नव्या डिस्कवर जाते, पण सुरू होण्याचा छोटा विभाग जुन्या डिस्कवरचाच वापरते. सगळं छान चालतं, आणि सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की मशीन उठतच नाही. क्लोननंतरचं पहिलं सुरू करणंही एकट्या एसएसडीवरच करा.

डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘अनॲलोकेटेड स्पेस’ दिसेल. त्यावर विभाग पाडत बसू नका, तीच निवडून पुढे जा. डिस्क एमबीआरची, म्हणजे विभागांची नोंद ठेवायच्या जुन्या पद्धतीची, आहे म्हणून विंडोज अडली तर नव्या डिस्कवरचे विभाग पुसून पुन्हा प्रयत्न करा.

## ९. पहिल्या दिवसाची कामं

विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, राहिलेले ड्रायव्हर मशीनच्या कंपनीच्या पानावरून घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाने फिरणारे प्रोग्रॅम घेऊ नका. एसएसडी डीफ्रॅग करणारी जुनी साधनं पुन्हा टाकू नका. विंडोज तिची निगा स्वतः घेते. डिस्क गच्च भरू देऊ नका, दहा-वीस टक्के मोकळी ठेवा. एन्क्रिप्शन स्थगित केलं होतं तर परत चालू करा.

मग टास्क मॅनेजर उघडून पहिल्या टप्प्यातली तीच कामं करा आणि आकडे कागदावरच्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा.

जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर कपाटात राहू द्या; राहिलेली एखादी फाइल याच काळात आठवते. नंतर ती निरोगी असेल तर बाहेरच्या डब्यात घालून बॅकअपसाठी वापरा. ०५ किंवा सी५ च्या ओळीत आकडा असलेली डिस्क मात्र बॅकअपला वापरू नका, आणि कोणाला द्यायची असेल तर आधी पूर्ण पुसून द्या. क्विक फॉरमॅटने फायली जात नाहीत.